नानांना अस्तंब्यावर न्यायचं की नाही

१६ ऑक्टोबर १९८८, दोंडाईचा
धुळ्याच्या डॉ.नी नानांना, म्हणजे सौ.च्या थोरल्या भावाला, डोंगर बंद केला. हृदय मोठं झालंय म्हणे. नानांचं ते लहान कधी होतं?
धनत्रयोदशीला अस्तंब्याची, सातपुड्यातल्या त्या उंच शिखराची, यात्रा. माझं लग्न झाल्यापासून दर दिवाळीला नाना अन् मी चढतो. आज सौ.नं मला देवापुढे उभं करून शब्द घेतला, "नानाले वर लई जावानं नही." दिला. चडफडत दिला.

२३ ऑक्टो.
नाना माझ्याशी बोलत नाहीत. तोड काढली: तोरणमाळ. एस.टी. थेट वर जाते, चढण नाही. नाना फणकारले, "बसमा बसीसन डोंगर दखाना? त्यानापेक्षा घरमा कॅलेंडर दखस मी." पण तयार झाले. सौ. पण येणार. "तुमना दोन्हीस्ना भरोसा नही." तिनं सातपुडा पाहिलाय तो गच्चीवर पापड वाळवताना, लांबून.

३० ऑक्टो., तोरणमाळ
घाटात सौ.चे डोळे मिटलेले, माझा दंड घट्ट धरलेला. वळ उठलेत.
मग सीताखाई. पुढे जमीनच नाही. दरी, दरीच्या पोटात दुसरी दरी, ढग आपल्या खालून चाललेले. उडत्या घारींच्या पाठी दिसतात. कितीदा पाहिलंय, तरी पाय निघत नाही. नाना हात जोडून उभे.
सौ. आधी लांब बसली. मग सरकत सरकत पुढे. शेवटी चक्क पोटावर झोपून खाली बघायला लागली. पन्नाशीची बाई. मग, "इतलं मोठं शे, अन् तुम्ही माले कधी सांगं नही."
दर वर्षी सांगत होतो की.
नानांना विचारलं तिनं, "अस्तंब्यावरथून यानापेक्षा मोठं दिखस का?"
"बाई, तठे बठ्ठंच खाले ऱ्हास."
परतीच्या बसमध्ये सौ. खिडकीशी, डोळे उघडे. तिथून सगळंच खाली राहतं म्हणजे किती, हे मोजत असावी.

२ नोव्हें.
सौ. दिवसातून चारदा गच्चीवर. उत्तरेकडे तोंड करून उभी. आज वांगी करपली. हसू आलं, बरंही वाटलं.

५ नोव्हें.
करंज्या तळता तळता, मागे न वळता सौ. म्हणाली, "लई जा नानाले."
थट्टा वाटली. "अन् शब्द?"
"मी लिधा, मीच सोडस. बसत बसत जा. पन त्याले वर जाऊ द्या."
"काही झालं तर?"
"घरमा बसीसन काई व्हनार नही, आसं कोन सांगस?" डोळे पुसले अन् पुढची करंजी कढईत सोडली.
इतकी वर्षं हट्ट माझा, भीती तिची. आज भीती माझ्या वाट्याला. वाटेत, त्या उभ्या चढावर, माझ्या हातात काही झालं तर… नानांना अजून ठाऊक नाही. कळलं की ते थांबायचे नाहीत.
ओसरीवर त्यांचाच आवाज. सौ. सांगतेय, "आतमा जा, नाना. तुमले काई सांगनं शे त्यास्ले."
मी अजून काहीच ठरवलेलं नाही.