हुकलेला गरुड

जैसलमेरजवळ, १४ डिसेंबर

प्रिय आईस, एस्तेरचा सलाम.

इथे फोनला रेंज नाही, म्हणून पत्र. मी मजेत आहे. बाजरीची भाकरी मिळते, आणि थंडीत तू विणलेला स्वेटर अंगातून काढत नाही. तुझा गुडघा कसा आहे? दादाने श्रीरामपूरला डॉक्टरकडे नेलं का, की अजून "ऊस तुटून जाऊ दे, मग बघू" चाललंय?

आमच्या फोटोग्राफर सरांना गरुडाचा झेप घेतानाचा फोटो हवा होता. नऊ दिवस आम्ही एका मेंढपाळाच्या घराबाहेर आडोशाला बसलो. बोलायचं नाही, हलायचं नाही. काल गरुड आला. त्याची सावली अंगणातल्या कोंबड्यांवरून सरकली आणि मी ताडकन उठून ओरडले, "आई, घार आली!"

लहानपणी मी अशीच ओरडायचे आणि तू पिल्लं झाकायला डालगं घेऊन धावायचीस. तोंडातून निघूनच गेलं.

गरुड हवेतच वळला. फोटोत नुसती शेपटी आली. सर रागावले नाहीत, कालपासून बोलले नाहीत एवढंच. काम काही जात नाही माझं, तू काळजी करू नकोस.

आता बेलापुरात आपल्या कोंबड्यांवर लक्ष कोण ठेवतं? तू मात्र धावू नकोस.

एक सांगू? गरुड गेला तेव्हा सगळे आभाळाकडे बघत होते. मी मागे वळून त्या घराच्या दाराकडे बघत होते, तू डालगं घेऊन येतेस म्हणून.

तुझी पिल्लं राखणारी,
एस्तेर