बिंडाराचे अठरा सामने

३० ऑगस्ट, शनिवार

संपला सीझन. बिंडारा एक्केचाळीस गुणांनी हरलं. अठरा सामने, चार जिंकले. दहा संघांत नववा नंबर.

शेवटचा भोंगा वाजला. तिकडे ऑस्ट्रेलियात सामना भोंग्यानं संपतो, कारखान्याची पाळी सुटावी तसा. तौसिफनं दोन्ही झेंडे काठ्यांना गुंडाळले, काखेत धरले. पांढरा कोट मैदानावरच काढला आणि चालत चित्राबाहेर गेला. आता एप्रिलपर्यंत दिसणार नाही.

मी शिलाई मशीनवर होते. मोबाइल रिळांच्या डब्याला टेकवलेला. एका ब्लाऊजची बाही लावत होते. हात थांबला नाही.

अम्मीला जाऊन साडेसात महिने झाले. तौसिफला अजून माहीत नाही. माझा सख्खा धाकटा भाऊ — आणि त्याला मी सांगितलेलं नाही.

हे पहिल्यांदाच लिहिलं. वाटलं, लिहिल्यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. दुसरी बाही लावली.

३१ ऑगस्ट, रविवार

लिहायला घेतलंय तर नीट लिहिते.

तौसिफ ऑस्ट्रेलियात जाऊन सहा वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी मामाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं. मंगनी झालेली, पत्रिका छापलेल्या. तीन आठवडे राहिले असताना तिकडून फोन — जमणार नाही. मामानं अम्मीशी बोलणं तोडलं. अब्बा फोनवर म्हणाले, "मग आमाला बी विसर." आणि मी म्हणाले, "तुझ्यामुळं अम्मीला माहेर उरलं नाही." अब्बांचं त्यानं कदाचित सोसलं असतं. माझं नाही. नंतर दोन ईदला त्याचा फोन आला, अब्बांनी कट केला. मग यायचा थांबला.

अम्मी गेली जानेवारीत, शुक्रवारी सकाळी. सगळे म्हणत होते, नशीबवान बाई, जुम्म्याचा दिवस मिळाला. आमच्यात मयत ठेवत नाहीत. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर नेणार होते. गुसलचं, मयताला आंघोळ घालायचं पाणी चुलीवर होतं. अब्बांनी मला बोलावलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं — "तौसिफला कळव."

मी जुन्या नंबरवर मेसेज टाकला. एकच टिक. फोन लावला, नंबर बंद. तेवढ्यात आतून हाक आली, कफनाचं कापड फाडायला ये म्हणून. जाताना दारात कुणीतरी विचारलं, "कळवलं का पोराला?" मी म्हणाले, "कळवलं."

एवढंच. खोटं बोलायचं ठरवून बोलले नव्हते. वाटलं, संध्याकाळी कुठून तरी नंबर मिळवू. संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं. मग तिसऱ्या दिवसाची जियारत. तोवर सगळ्यांच्या तोंडी एकच — "आईच्या मातीला येणं सोडा, फोनसुद्धा न्हाय!" मुलानं द्यायची माती चुलतभावानं दिली.

चाळिसाव्यापर्यंत मी चार वेळा अब्बांसमोर गेले. चारही वेळा चहा देऊन परत आले.

१ सप्टेंबर, सोमवार

नऊ ब्लाऊज शिवायला आले. नवरात्राचे नऊ रंग. एकाच बाईचे.

३ सप्टेंबर, बुधवार

मार्चमध्ये सापडला तो. मोबाइलवर त्याचं नाव इंग्रजीत टाकून बघत होते. कुठल्या तरी बिंडारा नावाच्या गावच्या फुटबॉल क्लबचं पान आलं. खेळाडूंच्या यादीखाली शेवटी — गोल पंच : टी. आतार.

म्हणजे खेळत नाही. गोलाच्या खांबांजवळ उभा राहतो. लहान क्लबांत प्रत्येकानं आपला एक माणूस त्या कामाला द्यायचा असतो. दर शनिवारी कुणीतरी गाडीच्या टपावर कॅमेरा लावून सामना दाखवतं. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ असतात. एक म्हातारा खोकत खोकत समालोचन करतो.

आधी खेळ कळला नाही. चेंडू अंड्यासारखा. हातात घेऊन पळतात, लाथेनं मारतात, एकमेकांच्या खांद्यावर चढतात. चार खांब. मधल्या दोघांतून गेला तर सहा गुण, मधल्या आणि कडेच्या खांबामधून गेला तर एक. सहाला तौसिफ दोन झेंडे हलवतो, एकाला एक. मैदानाच्या दुसऱ्या टोकाचा पंच तसेच झेंडे हलवून उत्तर देतो. मग दोघं आपापल्या कार्डावर लिहितात. लहानपणी शाळेत झेंडावंदनाला दोरी सोडायचं काम त्याचंच असायचं, आणि ती अडकायची.

चेंडू त्याच्या टोकाला आला तरच तो दिसतो. म्हणून माझं सगळं उलटं झालं. संघ टोकं बदलतात, पंच बदलत नाहीत. चारपैकी दोन पाळ्या समोरचा संघ त्याच्याकडे मारणार. त्यांनी गोल केला की मला बरं वाटायचं. बिंडारा हरायचं आणि मी मनात म्हणायची, अजून एक होऊ दे. मे महिन्यात एकदा समोरच्यांनी त्याच्या टोकाला चौदा गोल केले. चौदा वेळा भाऊ दिसला. माझ्यासाठी सीझनमधला सगळ्यात चांगला सामना तोच.

असली समर्थक कुठल्या क्लबला मिळू नये.

६ सप्टेंबर, शनिवार

साडेनऊला हात आपोआप मोबाइलकडे गेला. जुलैतला जुना सामना लावला, जिंकलेला. पाऊस, चिखल. सात नंबरच्या लाल केसांच्या पोरानं शेवटच्या मिनिटात मारला. लांबून, तिरका. चेंडू खांबाच्या अगदी जवळून गेला. गोल की नाही? सगळं मैदान तौसिफकडे बघत उभं. त्यानं घाई केली नाही. मोठ्या पंचाशी बोलला, परत जागेवर आला, कोट झटकला आणि दोन झेंडे उचलले! तेव्हा मी मशीनवरून उठून उभी राहिले होते. आज बसूनच बघितलं.

तेवढ्यात शेजारच्या सिंधुबाई विसर्जनाचा प्रसाद घेऊन आल्या. चष्मा वर करून बघत राहिल्या.

"ह्यो डॉक्टर कशाला उभा केलाय तितं?"

"डॉक्टर नाही, पंच आहे."

"मग कोट कशाला? म्या म्हटलं एवढी मारामारी, डॉक्टर लागणारच." मग कडेचा खांब, एक गुण, हे त्यांना समजावलं. "म्हंजी नेम चुकला तरी एक मार्क? आमच्या पोरांच्या शाळंत असं असतं तर समदी कलेक्टर झाली असती की गं!"

हसले मी. खरंच हसले. मग त्या जायला उठल्या आणि दारात थांबून म्हणाल्या, "तुझा त्यो भाऊ बी तिकडंच हाय न्हवं? तुझ्या आईनं, नूरजहाँनं किती जीव लावला त्याला. मी तर म्हणते, असला पोरगा देवानं देऊच न्हाय. दगड हाय, दगड."

मागे मोबाइलवर तो दगड पावसात झेंडे हलवत होता.

मी म्हणाले, "प्रसाद छान झालाय."

७ सप्टेंबर, रविवार

इतके दिवस का नाही सांगितलं? क्लबच्या पानावर मेसेज टाकायला एक मिनिट लागतं. मार्चपासून येतं मला ते.

मी सांगत नाही तोवर तिकडे अम्मी आहे, असं वाटायचं. ही सबब आहे. खरं कारण साधं आहे. त्यानं घरी फोन केला की सगळ्यांना कळेल, मी "कळवलं" म्हणाले ते खोटं होतं.

जुलैतल्या त्या विजयानंतर मी पानावर दोन शब्द लिहिले होते, छान खेळलात म्हणून. लगेच उत्तर — धन्यवाद! तुमचं आडनाव आतार — आमच्या टॅझच्या कुणी लागता का?

टॅझ म्हणतात त्याला. मी मोबाइल पालथा ठेवला. नंतर ते दोन शब्दही पुसून टाकले.

१० सप्टेंबर, बुधवार

अब्बांची मक्केच्या यात्रेची, उमराची तारीख आली. अठ्ठावीसला पहाटे बारामतीहून गाडी, मग मुंबई, मग विमान. अम्मीबरोबर जायचं होतं. आता गावातल्या चौघांबरोबर.

यात्रेत अंगावर घ्यायचं इहरामचं कापड आणलंय. दोन पांढऱ्या चादरी. पुरुषांचं ते कापड शिवायचं नसतं. मी नुसतं हातात घेतलं तर म्हणाले, "ठिव. तुझा हात लागला की टाका पडंल." चेष्टा करत होते. अम्मी गेल्यापासून पहिल्यांदा.

१३ सप्टेंबर, शनिवार

क्लबनं वार्षिक समारंभाचा व्हिडिओ टाकला. जेवणाची टेबलं, बक्षिसं. शेवटी म्हातारा समालोचक उठला — या वर्षी क्लबसाठी सगळ्यात जास्त राबलेला माणूस. टॅझ!

तौसिफ उठला. पोट सुटलंय थोडं. कपाळ मोठं झालंय. अठरा सामने मी एका पांढऱ्या ठिपक्याला बघत होते. चेहरा आज बघितला. तीन वर्षांनी आवाज ऐकला. इंग्रजी बोलतो, पण दम घेतो तो आपल्यासारखाच.

मागून कुणीतरी ओरडलं, "आईला पाठव फोटो!"

तो हसला. म्हणाला, "पाठवला तर ती आधी विचारेल, हा पांढरा कोट धुतो कोण?"

सगळं टेबल हसलं.

विचारेल, म्हणाला.

१४ सप्टेंबर, रविवार

पाच ब्लाऊज पूर्ण. चार राहिले.

२१ सप्टेंबर, रविवार

उमराला जाणाऱ्यानं आधी सगळ्यांची माफी मागायची असते. बोललं-चाललं माफ करा, म्हणून दारोदार जायचं. अब्बांचे गुडघे गेलेत. चाळीस वर्षं उकिडवं बसून गाडीबैलांना नाल ठोकले, त्याचं हे. तरी काठी घेऊन निघाले. मी हाताला धरून बरोबर.

आमचं सणसर गाव सगळं फिरलो. सिंधुबाईंच्या दारात उभे राहिले — "सिंधुबाई, कमीजास्त बोललो असंल तर माफ करा."

"तुमी मला कवा बोलला बादशाहभाई? आमच्या खिलाऱ्याला बोलला व्हता. त्यानं लाथ घातली तवा जी शिवी दिली, आजून बैलाच्या ध्यानात हाय!"

"मग बैलाची बी माफी मागतो."

"त्यो कवाच गेला. वरच भेटंल तुमाला."

दोघंही हसले. सिंधुबाईंनी डोळे पुसले आणि पाया पडल्या.

येताना वाटेत पारावर टेकलो. मी म्हणाले, "अब्बा, सगळ्यांना माफ केलंत ना तुम्हीही?"

"केलं. तुझ्या मामाला बी केलं. एक सोडून." काठीनं माती उकरत बसले. "लगीन मोडलं, त्याचं कवाच माफ केलं मी. पण आई मेल्याचं कळून जो फोन करत न्हाय... मक्केत जाऊन सांगणार हाय, त्यो माझा कुणी न्हाय."

मी त्यांना उठायला हात दिला. हात माझाच होता.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज सांगायचं होतं. नाही सांगितलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

दुपारी अब्बा मशीनपाशी आले. स्टूल ओढून बसले. मला वाटलं बटण लावायचंय.

"मेहजू, तू ऱ्हायलीस," म्हणाले. "नऊ वर्षं झाली, सासर सोडून आलीस. मी लई बोललो तवा. माफ कर."

आणि हात जोडले. माझ्यासमोर!

मी त्यांचे हात खाली केले आणि सांगितलं. एक टिक, बंद नंबर, "कळवलं" — सगळं. क्लब, झेंडे, टॅझ. रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. गिऱ्हाइकाला माप सांगावं तशी सांगत गेले.

"त्याला ठाऊकच न्हाय?"

"नाही."

"आजून?"

"नाही."

काठी मशीनला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "मी गावभर त्याला कुत्र्यावानी बोललो." उठले, हातपाय धुऊन वजू केलं, नमाजला गेले. एकटेच. काठी विसरले होते, मी मागून नेऊन दिली. घेतली. माझ्याकडे बघितलं नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

क्लबच्या पानावर लिहिलं. मी टॅझची बहीण. त्याला घरी फोन करायला सांगा. अब्बांच्या नंबरवर.

अब्बा म्हणाले, "मीच बोलणार. तू न्हाय."

जेवताना मीठ मागितलं फक्त.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

उत्तर आलं — निरोप दिला आहे. सगळं ठीक आहे ना?

अब्बा दिवसभर मोबाइल कुर्त्याच्या खिशात घेऊन बसले. मी नववा ब्लाऊज संपवला.

२७ सप्टेंबर, शनिवार

तौसिफचा फोन आला. अब्बांनी सलाम केला, अम्मीचं सांगितलं. दोन वाक्यांत. मग म्हणाले, "तुझी बहीण कळवणार व्हती. मीच दम दिला तिला — कळवशील तर याद राख. तिचा काय दोष न्हाय. माझा हाय. मला माफ कर, पोरा."

उद्या उमराला निघणारा माणूस!

मी समोर उभी होते. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि आत गेले. पलीकडे तौसिफ रडत होता. म्हणाला, "आपा, एवढं सगळं एकटीनं सोसलंस?"

मी म्हणाले, "हो."