छापलंय तेच वाचायचं

दि. ६ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. छकुलीचे पुढचे दोन्ही दात पडले हे वाचून आई तोंडावर हात धरून हसली. इकडे सर्व ठीक. थंडीने बाबांची कंबर धरते, एवढेच.

गुरांच्या डॉक्टरकीतल्या आठवणींचे बाबांचे पुस्तक ध्वनिमुद्रित होत आहे, हे तुला ठाऊक आहेच. प्रकाशकांनी एक नावाजलेला वाचक सुचवला होता. बाबांनी नमुना ऐकला आणि म्हणाले, "ह्यानं जन्मात गायीला हात लावलेला नाही. मीच वाचतो." तेव्हापासून आम्ही दोघे रोज स्टुडिओत जातो. वाचनाची खोली कपाटाहून थोडी मोठी, भिंतींना स्पंज, पंखा बंद. कडक इस्त्रीचा शर्ट चुरचुरतो म्हणून बाबांना जुना मऊ सदरा घालावा लागतो. काचेच्या अलीकडे बसणाऱ्या ध्वनिमुद्रकांना मी मनातल्या मनात 'कानसेन' म्हणते. बाबांची भूक त्यांना बाबांच्या आधी कळते. "काका, पोट बोलतंय तुमचं. दोन बिस्किटं खाऊन या बघू."

माझे काम छापील पुस्तक पुढ्यात घेऊन ऐकण्याचे. शब्द इकडचा तिकडे झाला की पेन्सिलीने खूण करायची. शाळेत पहिला नंबर सोडला नाही, त्या मुलीला अखेर शोभेसे काम मिळाले : तोंड उघडायचे नाही आणि चुका काढायच्या.

लंगड्या घोडीच्या प्रकरणात बाबांचा आवाज भरून आला. पाणी प्यायले, पुन्हा वाचू लागले, पुन्हा थांबले. तिच्या कपाळावरचा पांढरा ठिपकासुद्धा त्यांनी लिहिला आहे. दिवसभर तिचे डोके मांडीवर घेऊन बसलेले भाऊजी मात्र तिथे 'मदतनीस' एवढेच आहेत.

मी तुझ्या प्रश्नाला बगल देते आहे, हे तू एव्हाना ओळखले असशील. "पुस्तकात मी कुठे एका ओळीत जरी असले, तरी छकुलीला घेऊन येते," असे तू लिहिलेस.

ताई, तू नाहीस.

त्यांच्या मदतनिसाशी तू लग्न केलेस, त्या दिवशी दारात उभे राहून ते जे बोलले, तेच त्यांनी छापले. आपण नदीकाठच्या घरात राहायला गेलो, ते वाक्य असे आहे : 'पत्नी आणि एकुलती मुलगी यांना घेऊन मी त्या घरात पाऊल टाकले.'

परंतु परवा दिवसाचे शेवटचे पान वाचताना बाबा थकले होते. ते वाचून गेले : 'पत्नी आणि दोन्ही मुलींना घेऊन मी त्या घरात पाऊल टाकले.' अडखळले नाहीत, मागे फिरले नाहीत. त्यांना कळलेही नाही. माझी पेन्सिल उचलली गेली होती. मी ती खाली ठेवली. खूण केली नाही.

घरी येऊन आईला सांगितले. आईचे हात कणकेत होते. ती म्हणाली, "लिही तिला. आत्ताच्या आत्ता लिही." मी म्हटले, उद्या पान पुरे होऊ दे, मग लिहिते.

मी एक गोष्ट विसरले होते. नवे वाचन सुरू करण्याआधी कालचा शेवट वाचणाऱ्याला ऐकवतात, आवाजाची पट्टी जुळावी म्हणून. काल सकाळी बाबांनी हेडफोन कानाला लावले, आणि काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्या वाक्याला ते हलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा लावा."

पुन्हा ऐकले. ताई, त्या वेळी मी काय काय मागितले, ते मी कोणाला सांगणार नाही.

"चूक झाली," बाबा म्हणाले. "परत घेऊ."

"राहू द्या ना काका, फार छान आलंय," कानसेन म्हणाले. "एका शब्दानं काय बिघडतं?"

"छापलंय तेच वाचायचं." मग माझ्याकडे वळून, "लक्ष कुठं होतं तुझं?"

"पुस्तकातच होतं, बाबा."

त्यांनी वाक्य परत वाचले. एका दमात. घोडीसाठी भरून येणारा तो आवाज जराही हलला नाही. मग बाहेर येऊन कानसेनांच्या खुर्चीमागे उभे राहिले. "जुनं पुसा," म्हणाले, आणि पुसून होईपर्यंत तिथून हलले नाहीत.

नुसते चुकून बोलून गेले असते, तर त्या चुकीला मी माया म्हटले असते, तूही म्हटले असतेस. पण त्यांनी स्वतःला दोनदा ऐकले, ताई. ऐकून मग ठरवले.

आईला पुढचे सांगितलेले नाही. आज सकाळीही विचारत होती, "लिहिलंस का? कधी येते म्हणाली?" तिने वरची गादी उन्हात टाकली आहे. 'येऊ नकोस' असे लिहायला माझा हात धजत नाही, आणि 'ये' असे लिहिण्याजोगे माझ्याजवळ काही उरले नाही. जे होते ते तुला सांगितले. आता ते यंत्रात नाही, कागदावर एवढ्या पत्रातच आहे.

भाऊजींना नमस्कार, छकुलीला पापा.

पुस्तकाप्रमाणे एकुलती,
तुझी धाकटी