साहेब माफी मागतात तो भाग

३ मार्च

तीर्थरूप अप्पांस,
धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र, म्हणजे माझ्या चुकांची यादी, पोचलं. आरोपीला कोठडीत घालण्याआधी त्याचा पट्टा आणि बुटांच्या नाड्या काढून घेतात, हे अकरा वर्षं पोलिसांची मालिका लिहूनही माझ्या डोक्यात शिरत नाही, कबूल. आमच्या लेखकांच्या खोलीत तुमची पत्रं मोठ्याने वाचली जातात. दिग्दर्शकाने तुमचं नाव वरचं कोर्ट ठेवलंय. फोनवर तुम्ही बोलत नाही, चौकशी करता, म्हणून हे कागदी घोडेच बरे.

आमच्याकडे प्रत्येक पात्राची एक वही असते. साहेबांच्या तीन झाल्यात. सिगारेट कधी सोडली, कुठला खांदा दुखतो, बायको गेल्यावर कुठल्या खुर्चीकडे बघणं टाळतात, सगळं त्यात. पहिल्या वर्षीची पानं उघडली की मला अजून धडकी भरते. नुसत्या संशयावरून पोटच्या पोराला कोठडीत घालणारे ते साहेब तुम्हीच होता, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मग दर वर्षी मी त्यांना चिमूटभर बदललं. एका वर्षी ते आरोपीला पाणी देतात, पुढच्या वर्षी बसायला खुर्ची. बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही आणि एक दिवस सगळे म्हणू लागतात की माणूस किती निवळला.

गुरुवारी पाचशे बारावा भाग आहे. साहेब मुलाच्या दारात जातात आणि माझं चुकलं म्हणतात. बघा, आणि एकदा तरी चूक काढू नका. दादाचं तुम्ही कधी विचारत नाही, म्हणून मीही लिहीत नाही. बरा आहे एवढंच सांगते. गोळ्या वेळेवर घ्या.

माया असावी, तक्रारी चालतील.
आपली धाकटी


८ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भाग गुरुवारी पाहिला. पुन्हा दाखवला तेव्हा शुक्रवारी आणि शनिवारीही पाहिला. कामकाजात चूक नाही. माणसात आहे.

तीस वर्षं मी चौकीत माणसं पाहिली. माणूस निवळत नाही, थकतो. हात उगारत नाही, कारण खांदा वर जात नाही. तू थकव्याला शहाणपण समजलीस. शेजारच्या मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला विचारलं की हे साहेब तुमच्यावरूनच घेतलेत ना. मी नाही म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. पहिल्या वर्षी तो मी होतो. आता दर गुरुवारी माझा गणवेश घालून दुसराच कुणीतरी शहाण्यासारखा वागतो. त्याचा मला राग येतो. वयाच्या बहात्तराव्या वर्षी टीव्हीतल्या माणसाचा राग यावा, याची लाज वाटते.

थोरल्याचं विचारत नाही म्हणतेस. कोणत्या तोंडाने विचारू?

आशीर्वाद आहेतच, मागावे लागत नाहीत.
अप्पा


९ मार्च

चि. धाकटीस,
दादाचे आशीर्वाद.

तुला कधी सांगितलं नाही, पण अकरा वर्षांत मी तुझा एकही भाग चुकवलेला नाही. लिफ्टच्या दुरुस्तीचं काम कितीही लांबलं तरी गुरुवारी साडेआठला मी घरी असतो. साहेब बुटांना पॉलिश करताना ओठ चावतात, पट्टा खिळ्याला उलटा टांगतात. हे आपल्या घराबाहेरच्या कुणाला सुचणार नाही.

पत्रात घरचं नाव काढायचं नाही, अशी शपथ मीच तुला घातली होती. आई गेल्याचं कळवलंस तेव्हाही मी आलो नाही. तिने मला कधी एक ओळ लिहिली नव्हती, तो राग होता. मग मालिकेत साहेबांची बायको गेली. ते त्या रिकाम्या खुर्चीला वळसा घालून जायला लागले, आणि अप्पांचं कसं चाललंय ते मला कळलं. तेव्हापासून मी मालिका घरचं पत्र म्हणूनच बघतो. साहेबांनी आरोपीला पाणी दिलं त्या दिवशी मी बायकोला सांगितलं की म्हातारा बदलतोय. शपथ न मोडता कसं कळवायचं, हे तुलाच सुचावं. लबाड कुठली!

परवाचा भाग बघून मी मोरीत जाऊन रडलो. सतरा वर्षं मला तेवढंच ऐकायचं होतं. या रविवारी छकुलीला घेऊन घरी जातो आहे. तिने आजोबांसाठी चित्र काढलंय, साहेबांचं. हे पत्र मिळेल तोवर आम्ही जाऊन आलेलो असू, म्हणजे तुला आधी कळवायला नको.

आहे ती माया राखावी, थोडी वाढवली तरी हरकत नाही.
तुझा दादा


१७ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

रविवारी थोरला आला होता. केस विरळ झालेत. सोबत सात वर्षांची मुलगी. दार मी उघडलं. तो नमस्काराला वाकला नाही, आत आला नाही, माझ्याकडे बघत उभा राहिला. तो कशासाठी थांबलाय हे मला लगेच कळलं. दोन शब्द होते. तीनदा पाहिलेला भाग, पाठ होते मला.

तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते वेगळंच. मी मुलीचं वय विचारलं. मग कुठे राहतो, काय काम करतो, किती वर्षं करतो. एकामागून एक सगळी चौकशी. त्याने हात मागे बांधून उत्तरं दिली, त्या दिवशी चौकीत दिली होती तशीच. पोरीने त्याला विचारलं की टीव्हीतले आजोबा ते हेच का. त्याने सांगितलं की नाही, हे दुसरे. मग ती दोघं जिना उतरून गेली. तिच्या हातात गुंडाळी केलेला कागद होता, तो तिने परत नेला.

एक काम कर. साहेब दारात उभे आहेत आणि त्यांच्याने बोलवत नाही, असा भाग लिही. थोरल्याला समजेल. तुझं टपाल त्याला पोचतं, माझं नाही.

आशीर्वाद.
अप्पा


२३ मार्च

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

बाहेरगावच्या चित्रीकरणावरून काल परतले, तेव्हा तुमचं आणि दादाचं पत्र एकावर एक पडलेलं होतं. अप्पा, घात मी केला. त्याला वाटलं मी घरची बातमी देते आहे. मी तर मला हवा होता तसा बाप बसून लिहीत होते. त्याला एका शब्दाने विचारलं असतं तर ही वेळ आली नसती.

तुमचा प्रसंग मी आज खोलीत मांडला. दिग्दर्शकाने वही काढून पान दाखवलं: भाग पाचशे बारा, माफी मागितली. आमच्याकडे माणूस एकदा सुधारला की त्याला मागे नेता येत नाही, बघणारे चिडतात. आणि नेता आलं असतं तरी उपयोग नव्हता. दादाची आज दोन ओळींची चिठ्ठी आली. त्याने टीव्ही काढून टाकलाय.

आता तुमच्या वतीने बोलायला साहेब नाहीत. सोबत दादाचा पत्ता देते. तोंडाने जमत नसेल तर राहू द्या, पण तुम्हाला आयुष्यभर जसं लिहिता आलं तसं तरी लिहा. मी तुमच्यावर रागावलेली आहे, आणि मला तुमची फार आठवण येते.

दोन्ही गोड मानून घ्यावं.
धाकटी


३० मार्च

चि. थोरल्यास,

आशीर्वाद लिहावेत की नाही ते न कळल्याने जागा सोडली आहे. सहा कागद फाडले. खरं लिहायची मला एकच रीत येते, त्या रीतीने लिहितो.

जबाब. मी खाली सही करणार, वय बहात्तर, निवृत्त पोलीस, स्वखुशीने लिहून देतो की, सतरा वर्षांपूर्वी दुकानाची काच फोडल्याच्या संशयावरून मी माझ्या मुलास, वय एकोणीस, चौकीत आणले. मुलाने सांगितले की तो तेथे नव्हता. मी त्यास पट्ट्याने मारले. तिसऱ्या फटक्यास मला कळले की तो खरे बोलत आहे. माझ्या हाताखालची दोन माणसे पाहत होती, म्हणून मी थांबलो नाही. एकूण अकरा फटके मारले व कोठडीत घातले.

मुलाची आई डबा घेऊन चौकीच्या दाराशी आली होती. तिने पाहिले. घरी तिने मला विचारले की त्याने खरोखर काच फोडली का. मी हो म्हणालो. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मुलाने गुन्हा कबूल करून माफी मागावी, मग लिहीन, असे ती म्हणत असे. ती शेवटचे दहा दिवस अंथरुणावर होती, मी शेजारी बसून होतो, तेव्हाही मी तिला खरे सांगितले नाही. तिने तुला पत्र लिहिले नाही यात तिचा काही दोष नाही.

वरील जबाब मी वाचून पाहिला, तो बरोबर आहे.

लोभ मागण्याचं तोंड नाही. पोचला एवढं कळव. नाही कळवलंस, तरी जबाब बदलणार नाही.

अप्पा