मेहूण

बुधवार, ११ डिसेंबर २०२४. दादर

पोचलो. अवधूतच्या मावशीची रिकामी जागा, दोन खोल्या. त्याने न विचारता आपली गादी बाहेरच्या खोलीत टाकली. मनूला सांगितलं, बाबा घोरतो म्हणून. तेरा वर्षं घोरतोय, आज आठवलं!

ठरलंय ते इथे लिहून ठेवते, म्हणजे उगाच मन फिरायला नको. शनिवारी माझ्या मैत्रिणीचं, मृणालिनीचं लग्न. तोवर भांडायचं नाही, तिच्या गिरगावच्या घरी कुणाला काही कळू द्यायचं नाही. रविवारी मनूला सांगायचं — आई आणि बाबा आता वेगळे राहणार. दोघांनी मिळून सांगायचं. कोर्टाचे कागद जानेवारीत. मनू अकरा वर्षांची आहे. तिच्या लेखी ही सहल आहे.

गुरुवार, १२ डिसेंबर

सकाळी फोर्टात पायपीट. इंग्रजांच्या इमारती हे अवधूतचं जुनं वेड. टाउन हॉलच्या पायऱ्या मनूने मोजल्या, तीस. हा खांबांकडे बघत — दोनशे वर्षं होत आली, काय टिकलंय बघ! मी म्हटलं, दगड आहे, त्याला कुणाशी बोलावं लागत नाही. मनूने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. जीभ आवरायला हवी होती मी. पहिल्याच दिवशी नियम मोडला.

दुपारी गिरगावात, मृणालच्या घरी. त्रेचाळिसाव्या वर्षी लग्न आणि अशी लाजते की मला हसूच आलं. मग रडू आलं. ते मोरीत जाऊन उरकलं. तिची आई, दुर्गाकाकू — अठ्ठ्याहत्तर वय, पण हात थरथरत नाही — रुखवतासाठी साखरेचं तुळशीवृंदावन करत बसल्या होत्या. मनू त्यांच्याजवळ जी बसली ती चार तास उठली नाही. दोघींचं हळू आवाजात काहीतरी चाललं होतं. बरं झालं, पोरगी रमली.

शुक्रवार, १३ डिसेंबर

सकाळी सातला काकूंचा फोन. "इरा, आज मेहूण म्हणून तुम्ही दोघं जेवायला बसायचं."

लग्नाआधी देवीच्या नावाने एका नवरा-बायकोची पूजा करून त्यांना जेवू घालायचं, ही त्यांच्या घरची रीत. मी म्हटलं, काकू, तुमचा भाचा राजस आणि प्रिती बसणार होते ना? "त्यांना नको म्हणून कळवलंय." अहो पण — "पण नाही नि बिण नाही. चांगली साडी नेसून ये."

अवधूत म्हणाला, सांगून टाक ना त्यांना. म्हटलं, तू सांग. कुणीच सांगितलं नाही.

पाटावर शेजारीशेजारी बसलो. रांगोळी, समई, सगळं. काकू गुडघे धरत खाली बसल्या आणि त्यांनी आमचे पाय धुतले. पाणी कोमट केलेलं होतं. पदराने पुसले, कुंकू लावलं, माझी ओटी भरली, आणि मग डोकं टेकलं. माझ्या पायांवर, अवधूतच्या पायांवर. माझ्या आईपेक्षा मोठी बाई! म्हणे मी लक्ष्मी आणि हा नारायण. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पुरणपोळीचा घास तोंडात नुसता फिरत राहिला. अवधूतने माझ्या पानातली अर्धी पोळी गुपचूप आपल्या पानात ओढली. पूर्वी असंच करायचा, मला जेवण जाईना की. भयंकर राग आला मला त्याचा. कशाचा आला ते अजून कळत नाहीये.

मनू दाराला टेकून उभी होती. सगळं संपेपर्यंत तिथून हलली नाही.

टॅक्सीत अवधूत एवढंच म्हणाला, "फसवलं आपण त्यांना." मी ओटीतला नारळ मांडीवर घेऊन बसले होते.

शनिवार, १४ डिसेंबर

लग्न लागलं. पंगतीत बायकांनी मला नाव घ्यायला लावलं. उखाण्याच्या दुसऱ्या ओळीत अडखळले, तर पुढचा शब्द अवधूतने पुरवला. काय कौतुक झालं! डोकं दुखतंय.

रविवार, १५ डिसेंबर

सांगितलं.

शिवडीच्या जुन्या दफनभूमीत! गोऱ्यांच्या कबरी बघायच्या राहिल्या होत्या म्हणे. लेकीला हे सांगायला ह्या माणसाला दुसरी जागा मिळाली नाही. आणि मीही गेले मुकाट्याने. एका दगडावर नवरा-बायकोची नावं होती, ती त्याच्यामागून तीस वर्षांनी गेलेली. अवधूत ते वाचून दाखवता दाखवता मध्येच थांबला. मग मीच तोंड उघडलं. वाक्यं पाठ केली होती, तरी उलटीसुलटी झाली.

मनू रडली नाही. खाली बघून म्हणाली, "म्हणजे परवाचं लागू पडलं नाही."

"परवाचं काय गं?"

"काही नाही."

मग विचारलं, "तो नारळ मग कुणाच्या घरी न्यायचा?" अवधूत उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी तिच्याजवळ सरकून बसले.

सोमवार, १६ डिसेंबर. नाशिक

मृणालचा फोन. नवी नवरी, सासरच्या गडबडीतून बाहेर येऊन बोलत होती. "आई विचारतेय, मनू बरी आहे ना?"

मग तिच्याकडूनच कळलं. मनूने दिवाळीतच आमचं बोलणं ऐकलं होतं. गुरुवारी तुळशीवृंदावन करताना तिने काकूंना सगळं सांगितलं. काकूंनी त्याच संध्याकाळी राजसला नको म्हणून कळवलं.

सांगताना मनू रडली नाही म्हणे. एवढंच विचारलं, "आजी, ह्याच्यावर काही लागू पडतं का?"