पेटीतली शेजारती

मु. कवठेवाडी, ता. पारनेर
२१ जानेवारी १९७४

॥ श्री देवी प्रसन्न ॥

चि. मच्छिंद्र यास सहादेवचे आशीर्वाद वि. वि.

येथील सर्व देवीच्या कृपेने ठीक. गाडी पारनेरला वेळेवर पोचली. खरं तर तुला लिहिण्यासारखं एवढंच उरलं होतं. पण गप्प बसलो तर तुला वाटेल, दादा विसरले.

मी पुण्याला डोळे दाखवायला आलो होतो. गंमत दाखवतो म्हणून तू मला शेजारच्या शामकांतरावांच्या खोलीत नेलंस. सगळी चाळ जमलेली. मला व्याह्यासारखं पुढच्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी त्या टेलिव्हिजनच्या पेटीची लाकडी दारं गाभाऱ्याची उघडावीत तशी दोन्हीकडे सरकवली, आणि थोड्या वेळानं आतून आपल्या देवीच्या शेजारतीची चाल आली. हे पद सुरू झालं की आपल्याकडे बसलेला माणूस उठतो आणि आई निजेपर्यंत हात जोडून उभा राहतो. मी उठलो. टोपी सारखी केली, हात जोडले, डोळे मिटले. मागे खसखस पिकली तेव्हा उघडले.

पेटीत माझी चांगुणा होती. कॉलेजच्या जिन्यावर चार पोरांच्या मध्ये नाचत होती, आणि आईला निजवायच्या चालीवर एका पोराला सायकलवरून फिरायला बोलावत होती. शामकांतरावांच्या सुमेधावहिनींनी मला विचारलं की दर आठवड्याला असाच नमस्कार करणार का. तूही हसलास.

पोरगी मी तुझ्याकडे शिकायला ठेवली होती, मुंबईला जाऊन नाटकात नाचायला नाही. येत्या रविवारी तिला एस.टी.त बसवून दे. कॉलेज पुरे झालं. बसवली नाहीस तर चैत्रात यात्रेला येऊ नकोस.

सौ. बनुबाईस आशीर्वाद. लोभ शिल्लक असेल तेवढा ठेव.

सहादेव


खडकी, पुणे
२६ जानेवारी १९७४

तीर्थस्वरूप दादांचे चरणी मच्छिंद्रचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र पोचले. मी हसलो हे खरं. तुम्ही उभे राहिलात तेव्हा मागच्यांना पेटी दिसेना, ते ओरडू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि माणूस अशा वेळी हसतो.

पण दादा, या चाळीत मला आजवर सगळे नगरकडचा बाजरीखाऊ म्हणत. चांगुणा त्या मालिकेत दिसू लागल्यापासून नळावर मला आधी पाणी भरू देतात. तुम्हालाही बरं वाटेल म्हणून पुढच्या खुर्चीवर बसवलं. चुकलं असेल.

रविवारी मात्र तिला बसवणार नाही. मार्चात परीक्षा आहे. आणि यात्रेचं म्हणाल तर जमिनीची वाटणी झाली तेव्हा देवी तुमच्या एकट्याच्या वाट्याला आली नव्हती. मी येणार.

वहिनींस नमस्कार. राग माझ्यावर काढा, पोरीवर नको.

मच्छिंद्र


खडकी, पुणे
२७ जानेवारी १९७४

तीर्थरूप आबांचे चरणी चांगुणाचा नमस्कार वि. वि.

काका तुमचं पत्र दाखवत नव्हते, मी ओढून घेऊन वाचलं. माफी मागायला हे लिहीत नाही.

या भागात मुलीचं एक गाणं हवं होतं. गाणी बसवणारे मास्तर म्हणाले की तुझ्या गळ्यात बसलेली एखादी चाल सांग. माझ्या गळ्यात दुसरी कुठली बसणार? लहानपणापासून देवळाच्या पायरीवर बसून मी तीच ऐकली. आत तुम्ही भिमाजीकाकांच्या श्रीमंतला शिकवत होता. त्याचा सूर कधी लागला नाही. बायका म्हणतात, आई त्याला कंटाळून निजते. परवाच्या दिवाळीत तुम्ही तापानं पडलात तेव्हा मी म्हणू का असं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, बाईनं शेजारती म्हणायची न्हाई, आन् पुन्हा इचारायचंबी न्हाई. मग देवळात नाही तर जिन्यावर म्हटली.

मी येणार नाही. न्यायला आलात तर चाळीतून ओढत न्यावं लागेल, आणि ते बघायला पेटीपुढे जमतात त्याहून जास्त माणसं जमतील.

आईस नमस्कार सांगा. मनापासून असेल तरच लोभ धरावा, रीत म्हणून नको.

चांगुणा


मु. कवठेवाडी
१२ फेब्रुवारी १९७४

॥ श्री देवी प्रसन्न ॥

चि. चांगुणा हीस आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. श्रीमंतच्या सुराचं ऐकून ती हसली. पुढे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तू केलंस ते मला पटलेलं नाही, पटणारही नाही. आईला निजवायचं पद कुणाला सायकलवर बसवायला वापरू नये. मच्छिंद्र यात्रेला आला तर येऊ दे, मी त्याच्याशी बोलणार नाही.

तू येणार नाहीस हे वाचूनही पुढच्या रविवारी मी स्टँडवर जाऊन बसलो होतो. पुण्याची गाडी आली, रिकामी झाली, धुरळा उडवत गेली. तिथून उठून देवळात गेलो. भिमाजी आणि आप्पासाहेब बसले होते. देवळाचं तेच बघतात. मी त्यांना विचारलं की पोरीनं शेजारती म्हटली तर आईचं काय बिघडतं. भिमाजी म्हणाला, सहादेवा, डोळं दावाया गेल्तास, तितंच डोकं ठिवून आलास का. आप्पासाहेब म्हणाले की आज तुझी पोरगी म्हणंल, उद्या आमच्या सुना मागतील. मी म्हणालो, मागू द्या. मग शेजारतीची माझी सेवा काढून त्यांनी श्रीमंतला दिली. आता मी पद म्हणत नाही. घरीच असतो.

हे तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. मला उत्तर हवं होतं, ते त्यांच्याकडे नव्हतं.

परीक्षा दे. तिथंच राहा. नाटक सोड असं सांगून तू ऐकणार नाहीस, म्हणून सांगत नाही. देवीची चाल मात्र पुन्हा घेऊ नकोस. आणि त्या मास्तरांना माझा निरोप दे की हार्मोनियम एवढी दाबून वाजवू नये. शेवटच्या ओळीला तुझा आवाज त्याखाली बुडतो.

तब्येतीस जप. लोभ आहेच.

तुझा
आबा