दोन दोऱ्यांची कोंबडी

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा गावठी कोंबड्यांची पैदास, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल कोणाला शंका असल्यास साक्षीदार क्रमांक एक यांना विचारावे. ते जनावरांचे डॉक्टर आहेत, पण मला चांगले ओळखतात.

कलम पहिले. राहते घर माझ्या पश्चात पुतण्याला द्यावे. त्याचा घरावर डोळा आहे हे मला ठाऊक आहे. असू दे, लेकराबाळांचा धनी आहे. खुराड्यात मात्र त्याने पाऊल टाकू नये. "काका, बाहेरचा एक धिप्पाड कोंबडा सोडा कळपात, वर्षात वजन दुप्पट!" असे तो मला शिकवत होता. आम्ही नवरा-बायकोने जन्मभर गावठीतूनच गावठी निवडली, ती काय झक मारायला?

कलम दुसरे. सगळा कळप, अंडी उबवायचे यंत्र आणि तराजू माझ्या मेहुणीला, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीला द्यावे. कोंबडी काखेत घेऊन चाचपली की ती अचूक सांगते, ही अंड्यावर आहे की नुसतीच मिरवते. तिचे आणि माझे कधी पटले नाही. हरकत नाही, कोंबड्यांशी पटते.

तिला रीत माहीत आहे, तरी लिहितो. जी लवकर अंगाने भरते तिच्या पायात पांढरा दोरा; तो मी बांधायचो. जी भरपूर अंडी देते तिला तांबडा. तो बायको बांधायची. वजनदार कोंबडी अंड्यांना आळशी आणि अंड्यांची ती काटकुळी, यावरून आमच्या घरात रोज भांडण. दोन्ही दोरे एकाच पायात बघायचे, एवढीच दोघांची इच्छा. आम्हाला मूलबाळ नव्हते. जे काही होते ते हेच.

कलम तिसरे. कळपातल्या तपकिरी म्हाताऱ्या कोंबडीच्या पायात दोन्ही दोरे आहेत. बायको अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिने ती मांडीवर मागून घेतली आणि तांबड्याशेजारी माझा पांढरा दोराही स्वतःच बांधला. मी म्हणालो, "अगं, वजन तरी करू दे. अजून एक पिढी थांब."

"तुम्ही थांबा," ती म्हणाली. "मला घाई आहे."

आठवड्याभरात ती गेली. फार आठवण येते हो तिची. अजूनही तराजूवर पिल्लू ठेवले की मागून "नुसतं मांसच बघा तुम्ही!" असे ऐकू येईल म्हणून मी जरा थांबतो.

ती कोंबडी आता अंडी देत नाही. आमच्याच नियमाने तिला केव्हाच कळपातून काढायला हवी होती. काढू नये, विकू नये. ती असेपर्यंत तिचा दाणा माझ्या शिलकीतून चालावा. रोज सकाळी ती अंडी घालायच्या खोक्यात जाऊन बसते आणि मी रोज हात घालून बघतो.

मेहुणीला एकच विनंती. त्या कोंबडीला कधीही तराजूवर ठेवू नये. मी अजून ठेवलेली नाही.

स्थळ: राहते घर, खुराड्याकडची खोली
दिनांक: दोन सप्टेंबर, सकाळी खोका बघून आल्यावर

मृत्युपत्र करणार: (सही)
साक्षीदार १: जनावरांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: शेजारचे शिंपी, दोन्ही दोरे यांच्याच दुकानातले (सही)